वाईनच्या बाटलीवर सही कोणाची?

वाईनच्या बाटलीवर एखाद्या चित्रकाराचं चित्र दिसलं की दोन प्रकारचे लोक लगेच नाक मुरडतात. चित्रकलेवाले म्हणतात, कला ही अशी बाटलीला चिकटवायची चीज आहे का, उद्या साबणाच्या वेष्टनावर पण छापाल. आणि वाईनवाले म्हणतात, आत काय आहे ते बघा ना, कागदाचं काय घेऊन बसलात. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, पण दोघंही जबाबदारीचा मुद्दा सोडून देतात असं मला वाटतं. चित्रकार चित्राखाली सही करतो तेव्हा तो सांगत असतो की हे मी केलंय, चांगलं वाईट जे काय आहे ते माझं. वाईन बनवणाऱ्यानेही बाटलीवर तितक्याच उघडपणे सही केली असेल तर दोन सह्या एका कागदावर येतात आणि असं लेबल मला मनापासून आवडतं. वाईनवाल्याची सही कुठेच नाही, फक्त चित्र आहे, तर मग ते चित्र कितीही सुंदर असू दे, तिथे ते पांघरूण म्हणून वापरलंय. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी खाली लिहितोय ती त्याची कारणं.

सुरुवात जिथे झाली तिथूनच बघू. फ्रान्सच्या बोर्दो भागात पॉयाकला शॅटो मूटॉन रॉथशिल्ड आहे, शॅटो म्हणजे द्राक्षांचा मळा आणि तिथेच वाईन बनवायची जागा. 1922 मध्ये फिलिप द रॉथशिल्ड या वीस वर्षांच्या पोराने तिथला कारभार हातात घेतला. त्यावेळी पद्धत अशी होती की मळ्याचा मालक वाईन बनवायचा, पिंपांत भरून बोर्दो शहरातल्या व्यापाऱ्यांना विकायचा, आणि ती पुढे किती दिवस पिंपात ठेवायची, बाटलीत कधी भरायची, कशी भरायची हे सगळं व्यापाऱ्याच्या हातात. म्हणजे आपलं नाव लावलेल्या बाटलीत नेमकं काय गेलंय याची खात्री मालकाला स्वतःलाच देता यायची नाही. फिलिपने ठरवलं की सगळी वाईन आपल्याच शॅटोत बाटलीत भरायची. आज हे ऐकायला साधं वाटतं पण त्याचा अर्थ असा होता की जी पिंपं आधी व्यापाऱ्याच्या गोदामात जायची ती आता वर्ष दोन वर्षं स्वतःकडे ठेवायची, त्यात अडकलेला पैसा स्वतः सोसायचा, आणि त्यासाठी जागा बांधायची. ती जागा 1926 मध्ये बांधली, 100 मीटर लांबीची, चार्ल्स सिक्लिस नावाच्या आर्किटेक्टकडून, जो थिएटर्स डिझाईन करायचा. वाईनच्या पिंपांसाठी थिएटरवाला आर्किटेक्ट का बोलावला असेल हे तिथल्या पिंपांच्या ओळींचे फोटो बघितले की कळतं, दारातून आत बघितल्यावर सगळं एका नजरेत येतं, रंगमंचासारखं.

आणि मूटॉनने पहिल्यांदा चित्रकाराकडून लेबल करून घेतलं ते 1924 च्या वाईनसाठी, म्हणजे जिच्यापासून सगळी वाईन शॅटोतच भरायला लागले तीच. हा योगायोग आहे असं मला अजिबात वाटत नाही. ते लेबल जाँ कार्लू या पोस्टर करणाऱ्या चित्रकाराने केलं, मेंढ्याचं डोकं आणि रॉथशिल्ड घराण्याचे पाच बाण, क्युबिझमच्या, म्हणजे वस्तू कोन आणि तुकड्यांत मोडून दाखवणाऱ्या शैलीच्या, वळणाने जाणारं, कडक भौमितिक. बोर्दोच्या जुन्या लोकांना ते पचलं नाही आणि काही वर्षांनी ते बंद झालं. पण क्रम लक्षात घ्या. आधी फिलिपने म्हटलं की बाटलीत जे आहे त्याला मी जबाबदार, आणि मग तो चित्रकाराकडे गेला. मला हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजकाल बहुतेक वेळा तो उलटा असतो, आधी डिझाईन ठरतं आणि मग त्या डिझाईनखाली भरायला वाईन शोधतात.

मग दुसरं महायुद्ध आलं. मूटॉन जप्त झालं, फिलिप फ्रान्स सोडून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या बाजूला गेला, त्याची बायको एलिझाबेथ राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत 1945 मध्ये मेली. त्याच वर्षीच्या द्राक्षांच्या वाईनसाठी त्याने फिलिप ज्युलियाँ नावाच्या तरुण चित्रकाराला सांगितलं आणि लेबलवर व्ही आला, विजयाचा, आणि खाली विजयाचं वर्ष असं फ्रेंचमध्ये. या लेबलला कोणी मार्केटिंग म्हणत असेल तर म्हणो, मी म्हणणार नाही. ज्या माणसाच्या घरावर हे सगळं येऊन गेलंय त्याने त्या वर्षाच्या वाईनवर दुसरं काय छापायचं होतं? तेव्हापासून, काही मोजकी वर्षं सोडली तर, दर वर्षी नवीन चित्रकार. 1947 ला जाँ कॉक्तो, 1948 ला मारी लोरांसँ, 1955 ला जॉर्ज ब्राक आणि ब्राकनंतर तर मग रांगच लागली, 1958 ला दाली, 1964 ला हेन्री मूर, 1969 ला मिरो, 1970 ला शागाल, 1975 ला अँडी वॉरहॉल. 1973 साली पिकासो गेला आणि त्या वर्षीच्या वाईनवर त्याचंच 1959 मधलं चित्र छापून त्याला आदरांजली दिली. आणि तेच 1973, ज्या वर्षी मूटॉनला दुसऱ्या दर्जातून पहिल्या दर्जात घेतलं, बोर्दोच्या वाईनचे दर्जे ठरवणारी 1855 ची ती प्रसिद्ध वर्गवारी तोपर्यंत जवळजवळ तशीच होती आणि ती बदलायच्या कागदावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं चित्र 2009 च्या वाईनवर आहे.

आता ही नुसती नावांची यादी वाचून कोणाला वाटेल की श्रीमंत माणसाने मोठी नावं गोळा केली, त्यात काय एवढं. म्हणून एखादं लेबल जवळून बघायला पाहिजे. चित्राला जागा मिळते ती लेबलच्या वरच्या भागात, एक आडवी पट्टी, हाताच्या पंज्याहून लहान. खाली शॅटोचं नाव, वर्ष, मालकाचं नाव. कागद गोल बाटलीवर गुंडाळलेला, त्यामुळे समोरून बघताना दोन्ही कडा वळून मागे जातात आणि चित्र कधीच एका सपाट नजरेत पूर्ण दिसत नाही. एवढ्याशा जागेत कॅनव्हासवरचं मोठं चित्र लहान करून टाकलं की चिखल होतो. ज्यांनी हे ओळखलं त्यांची लेबलं जमली. हेन्री मूरने पेले धरलेले हात काढले, मोठ्या शिल्पांचा माणूस असून इतक्या लहान जागेत वजन आणलं. 2014 चं चित्रकार डेव्हिड हॉकनीचं लेबल बघा, त्यात दोन ग्लास, एक रिकामा आणि एक भरलेला, आणि हाताने लिहिलेली ओळ, फिलिपीनला अर्पण. फिलिपीन म्हणजे फिलिपची मुलगी, बापानंतर मूटॉन तिने चालवलं आणि 2014 मध्येच ती वारली. हॉकनी तिचा मित्र. त्या चित्रात कुठलंही कौशल्य दाखवायचा प्रयत्न नाही, एखाद्याने मित्राच्या घरी जाऊन वहीत दोन ओळी लिहाव्यात तसं ते आहे, आणि त्या पट्टीत ते बरोबर बसतं. काही लेबलं मला फसलेलीही वाटतात, ज्यात चित्रकाराने आपली नेहमीची ओळख तेवढी छापून दिलीय, नाव काढलं तर त्यात काही उरत नाही. पण ऐंशी वर्षांच्या मालिकेत काही फसणारच, आणि चित्रकाराला खरंच मोकळं सोडलं होतं याचा तो पुरावा आहे असं मी धरतो.

आता वाईनवाल्यांच्या आक्षेपाकडे येतो कारण तो जास्त दमदार आहे. त्यांचं म्हणणं, लेबल बघून चव बदलते, आणि म्हणूनच लेबल झाकून प्यायला पाहिजे. बदलते, हे खरंच आहे. बोर्दोतच फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकाने एकच वाईन दोन बाटल्यांत भरून दिली, एका बाटलीवर भारीतलं लेबल आणि दुसरीवर साध्या टेबल वाईनचं, आणि वाईन शिकलेल्या लोकांनी दोन्हींचं वर्णन वेगवेगळं केलं, पहिलीला गुंतागुंतीची, संतुलित वगैरे म्हटलं आणि दुसरीला हलकी, सपाट. 2008 मध्ये अमेरिकेत हिल्के प्लासमान आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाईन पाजली, तीच वाईन एकदा 10 डॉलरची सांगून आणि एकदा 90 डॉलरची सांगून, आणि 90 सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली एवढंच नाही तर मेंदूचा जो भाग सुखाची नोंद घेतो तो पण जास्त चालला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखर जास्त छान लागत होती.

या प्रयोगांचा अर्थ बहुतेक जण असा लावतात की बघा, सगळं ढोंग आहे. मी तसा लावत नाही. माणूस जिभेने एकट्याने काहीच खात पीत नाही, डोळे, नाक, आठवण, सांगितलेली गोष्ट हे सगळं सोबत असतं आणि हे फक्त वाईनला लागू नाही, चित्राला पण लागू आहे, चित्राखाली कोणाचं नाव आहे हे कळल्यावर आपण ते जरा जास्त वेळ बघतोच की. त्यामुळे लेबल काढून टाका हा उपाय नाही. लेबलची चवीवर इतकी सत्ता असेल तर त्या सत्तेचा हिशोब मागायला हवा. चित्र माझ्या तोंडातल्या चवीत हात घालणार असेल तर ते चित्र कोणाच्या बाजूने बोलतंय हे मला कळलं पाहिजे.

आणि इथे खरी फसवणूक कुठे होते ते सांगतो. आज जगात भरपूर वाईन टँकर आणि कंटेनरमधून फिरते. वीस फुटी कंटेनरच्या आत एक भलीमोठी प्लास्टिकची पिशवी बसवतात, तिच्यात चोवीस हजार लिटरपर्यंत वाईन जाते आणि ती दुसऱ्या देशात जाऊन बाटलीत भरली जाते. यात चूक काहीच नाही, वाहतूक स्वस्त पडते, काच कमी हलवावी लागते, आणि वाईन चांगलीही असू शकते. पण तिच्यावर लेबल काय लागतं तर डोंगर, जुनं घर, एखादं झाड, हाताने काढल्यासारखं दिसणारं नाजूक रेखाचित्र, आणि एक असं इस्टेटचं नाव जी इस्टेट जमिनीवर कुठेच नाही. बघणाऱ्याला वाटतं एक लहानसं कुटुंब आहे, द्राक्षं तोडतंय, आणि कोणीतरी चित्रकार मित्र त्यांना लेबल काढून देतोय. मूटॉनने मुळात चित्र लावलं ते या बाटलीत काय आहे ते मी सांगतो म्हणून, आणि तीच भाषा उचलून इथे वापरलीय ती कोणी काहीच सांगू नये म्हणून.

ओळखायचं कसं, तर मागचं लेबल वाचायचं. फ्रान्सच्या बाटलीवर शॅटोतच भरलीय असं लिहिलेलं असतं किंवा नसतं, आणि तो फरक तोच आहे ज्याच्यासाठी फिलिपने 100 मीटरची इमारत बांधली. अमेरिकेच्या बाटलीवर 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असं असेल तर त्यातली निदान 75 टक्के वाईन भरणाऱ्याने स्वतः आंबवलेली असावी लागते, आणि 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' असं काही असेल तर तशी अट नाही, वाईन दुसरीकडून तयार आणून आपल्याकडे थोडी ठेवली तरी चालतं. पुढच्या बाजूला कितीही देखणं चित्र असू दे, माझा नियम असा झालाय की आधी बाटली फिरवायची आणि मग चित्राचं कौतुक करायचं.

वाईन बनवणं हीच एक कला आहे असं पण खूप जण म्हणतात आणि इथे मी थोडा वेगळा जातो. मला ते चित्रकलेपेक्षा प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे प्लेटवरून चित्रं छापण्याच्या, जवळचं वाटतं. एचिंग करणारा तांब्याची किंवा जस्ताची प्लेट घेतो, तिच्यावर मेणासारखा थर देतो, सुईने ओरखडतो आणि ॲसिडमध्ये सोडतो. मग ॲसिड खातं. किती खोल खाईल ते वेळेवर, ॲसिडच्या ताकदीवर, हवेच्या गरमीवर अवलंबून असतं, आणि नेमकं काय झालंय ते पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, प्रेसमधून निघेपर्यंत त्याला स्वतःलाही कळत नाही. वाईन बनवणारा पण हेच करतो. द्राक्षं कधी तोडायची हे तो ठरवतो, पण पाऊस कधी पडायचा हे नाही. टाकीत सोडल्यावर काम यीस्ट करतं, तो फक्त तापमान बघतो, चाखतो, साली किती दिवस ठेवायच्या ते ठरवतो. मग बोर्दोत कॅबर्ने सॉविन्यों, मेर्लो, कॅबर्ने फ्रां, पेती व्हेर्दो अशा द्राक्षांच्या जातींच्या वेगवेगळ्या पिंपांतले नमुने टेबलावर मांडून मापाच्या काचेच्या नळीत मिसळून बघतात, याचं दोन टक्के कमी, त्याचं वाढव, परत चाख. प्रिंटमेकर जसा शाई पुसताना कुठे थोडी जास्त ठेवतो तसंच. मूटॉनच्या जुन्या लेबलांवर तर त्या वर्षी किती बाटल्या भरल्या आणि ही कितव्या नंबरची हेसुद्धा छापलेलं असायचं, आणि प्रिंटच्या खाली पेन्सिलने एडिशनचा नंबर लिहितात तो आठवल्याशिवाय राहत नाही.

पण फरकही आहे आणि तो लपवू नये. चित्र माणसाला घाबरवू शकतं, चिडवू शकतं, शिसारी आणू शकतं, आणि तरी ते मोठं चित्र असू शकतं. फ्रान्सिस बेकनने आयुष्यभर ओरडणारी तोंडं आणि पिळवटलेली शरीरं काढली आणि 1990 च्या मूटॉनवर त्याचं चित्र आहे. वाईनला ही मोकळीक नाही. शिसारी आणणारी वाईन ही बिघडलेली वाईन. वाईन युद्धाबद्दल काही बोलू शकत नाही, मेलेल्या मैत्रिणीबद्दल बोलू शकत नाही. ती त्या वर्षाचं ऊन आणि पाऊस घेऊन येते पण ते शब्दात किंवा रेषेत सांगत नाही. म्हणून मी तिला कारागिरी म्हणतो, फार वरच्या दर्जाची, आणि कारागिरी म्हणण्यात कमीपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी चांगलं हातकाम जवळून बघितलेलं नसावं. आणि वाईनला चित्रकाराची गरज पडते ती इथेच. जे तिला बोलता येत नाही ते वरच्या पट्टीत कोणीतरी बोलून देतं.

हे सगळ्यात समजून केलेलं उदाहरण माझ्या मते इटलीतल्या टस्कनीमध्ये बोल्गेरीला आहे, ऑर्नेलाया. 2006 च्या व्हिंटेजपासून, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांच्या वाईनपासून, तिथे वाईनमेकर आधी ठरवतो की या वर्षाचा स्वभाव काय, त्याला एक शब्द देतो, आणि मग तो शब्द चित्रकाराकडे जातो. 2015 चा शब्द होता करिश्मा आणि चित्रकार विल्यम केंट्रिज, 2016 चा तणाव आणि चित्रकार शिरिन नेशात. नेशातच्या फोटोंमध्ये हातांवर, चेहऱ्यांवर फारसी अक्षरं लिहिलेली असतात आणि तिच्याइतका तणाव दुसरं कोण दाखवणार. म्हणजे ऊन पावसातून वाईनमेकर एक शब्द काढतो आणि त्या शब्दातून चित्रकार चित्र काढतो, आणि दोघांचं काम एकाच बाटलीवर येतं. सहा बाटल्यांच्या पेटीत एकाच बाटलीवर चित्रकाराचं लेबल असतं. मोठ्या बाटल्यांचा लिलाव करून पैसे म्युझियमना दिले जातात, अलीकडे न्यूयॉर्कच्या गुगेनहाईम म्युझियमच्या एका उपक्रमाला, ज्यात न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या लोकांना कला इतर इंद्रियांतून अनुभवायला मदत करतात. वास आणि चवीवर जगणाऱ्या धंद्याने हा उपक्रम निवडावा हे मला फार बरोबर वाटलं.

सेन्सॉरचाही विषय यात येतो. अमेरिकेत लेबल आधी सरकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या केनवूड या वायनरीने 1975 च्या कॅबर्नेपासून चित्रकारांची मालिका सुरू केली आणि पहिलंच लेबल डेव्हिड लान्स गोइन्सने केलं, टेकडीवर आडवी पडलेली नग्न बाई. खात्याने ते अश्लील ठरवून नाकारलं. गोइन्सने तीच बाई हाडांचा सापळा करून दिली, तोही नाकारला. शेवटी नुसती टेकडी छापली. हे मला अन्यायाचं वाटतं, त्या चित्रात कोणाचं काही बिघडवणारं नव्हतं, आणि ज्या खात्याने वाईनमधल्या भेसळीकडे बघायचं ते चित्रातल्या बाईकडे बघत बसलं. पण 1993 च्या मूटॉनवरचं बाल्थस या चित्रकाराचं चित्र वेगळं आहे. त्यात एक नग्न अल्पवयीन मुलगी होती. अमेरिकेत खात्याने ते मंजूर केलं होतं, पण मुलांच्या शोषणाविरुद्ध काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि मूटॉनने तिथल्या बाटल्यांसाठी चित्राची जागा कोरी सोडून लेबल छापलं, खाली सगळा मजकूर नेहमीसारखा आणि वर नुसता फिकट कागद. कलेच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली या दोन प्रकरणांना एकाच रांगेत बसवतात ते मला चुकीचं वाटतं. प्रौढ बाईचं चित्र आणि लहान मुलीचं चित्र यात फरक आहे, आणि गॅलरीत स्वतःहून जाऊन बघणं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर बाटली येणं यातही. चित्रकाराला मोकळीक द्यायची म्हणजे काय छापायचं याची जबाबदारी मालकाने झटकायची असं होत नाही, दोन सह्या आहेत म्हटल्यावर दोघांनीही उत्तर द्यायचं.

त्या कोऱ्या लेबलचं पुढे काय झालं तर कलेक्टर लोक दोन्ही बाटल्या शोधायला लागले, चित्राची आणि बिनचित्राची. यातून एक गोष्ट होते ज्याचं मला खरंच वाईट वाटतं. मालिका पूर्ण करायची म्हणून लोक बाटल्या घेतात आणि कधीच उघडत नाहीत. 2000 सालची मूटॉनची बाटली, जिच्यावर कागद नाही, काचेवरच सोनेरी मेंढा आहे, ती किती घरांत नुसती कपाटात उभी असेल. उभी ठेवली तर बूच वाळतं. आणि आडवी, ओलसर तळघरात ठेवली तर बूच छान राहतं पण कागदावर बुरशी येते, डाग पडतात. वाईनला साधारण 70 टक्के आर्द्रता मानवते आणि कागद जपणारे लोक त्याहून बऱ्याच कोरड्या हवेत कागद ठेवतात. म्हणून काही जण लेबलभोवती पारदर्शक प्लास्टिक गुंडाळतात. वाईन आणि चित्र एकत्र आणलं खरं पण दोघांना एका हवेत म्हातारं होता येत नाही. यातून कोणाची बाजू घ्यायची तर मी वाईनची घेतो. मूळ चित्र शॅटोच्या संग्रहात जपलेलं असतं, ती चित्रं प्रदर्शनातही मांडतात, बाटलीवरचा कागद हा छापील प्रत आहे. डाग पडू द्या, कोपरा फाटू द्या, बाटली उघडा. दारूबंदीवाल्यांना हे आवडणार नाही हे मला माहीत आहे आणि त्यांच्या एका म्हणण्याशी मी सहमतही आहे, की सुंदर चित्रामुळे दारू निरुपद्रवी वाटायला लागते. म्हणून आयर्लंडने 2023 मध्ये बाटलीवर कॅन्सर आणि लिव्हरच्या धोक्याची सूचना छापायचा जो नियम केला त्याला वाईन कंपन्यांनी विरोध केला तो मला पटला नाही, नंतर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली तेही नाही. आत काय आहे ते मी सांगतो असं ज्याला म्हणायचंय त्याने अल्कोहोल काय करतं तेही सांगावं, चित्राची जागा त्याने कमी होत नाही, मागच्या लेबलवर भरपूर जागा असते.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि याच्यावर कोणी फारसं बोलत नाही. मूटॉनच्या चित्रकारांना पैसे नाही तर वाईनच्या पेट्या मिळतात हे खूप कौतुकाने सांगितलं जातं. ठीक आहे, मिरो किंवा गेरहार्ड रिश्टरसारख्या नावाजलेल्या चित्रकाराला त्या चेकची गरज नव्हती आणि त्या पेट्यांची किंमतही थोडीथोडकी नसते. पण हीच गोष्ट ऐकून कुठलीतरी लहान वायनरी पंचविशीतल्या एका चित्रकार मुलीला सांगते की पैसे देता येणार नाहीत, पण तुझं नाव होईल आणि बारा बाटल्या देऊ. तिने का हो म्हणायचं? तिला भाडं भरायचंय, आणि ती वाईन अजून कोणी ऐकलेली पण नाही. मग तेच चित्र टी-शर्टवर जातं, पोस्टरवर जातं, वेबसाईटवर जातं, पुढच्या वर्षी रंग बदलून परत लेबलवर येतं, आणि तिला विचारलेलंही नसतं. वायनरी काच विकत घेते, बूच विकत घेते, कागद आणि छपाईचे पैसे देते, त्या कागदावर जे छापलंय त्याचे तेवढे द्यायचे नाहीत हे कुठल्या हिशोबात बसतं मला कळत नाही. एका व्हिंटेजपुरता हक्क, ठरलेली रक्कम, दुसरा कुठलाही वापर वेगळ्या पैशाने, मूळ चित्र चित्रकाराकडे, आणि नाव समोरच्या लेबलवर वाचता येईल एवढ्या अक्षरात, हे कागदावर लिहून घ्यायला एक दुपार पुरते. ज्या वायनरीला हे जड जातं तिने साधं लेबल छापावं, नाव आणि वर्ष, तेही चांगलं दिसतं.